कडेचा एक मिलिमीटर

कारंजा लाडच्या माणसाला स्वादुपिंडाचा कर्करोग बहुधा काविळीच्या रूपाने भेटतो. पोट फारसं दुखत नाही, म्हणून आधी गावठी औषध आणि पथ्य होतं. मग अकोला, नागपूर, नाहीतर मूर्तिजापूरला गाडी धरून मुंबईचं टाटा. मी मूळचा कारंज्याचा, हा रस्ता मला माहीत आहे. त्यात गेलेले आठवडे किती महाग पडतात, हे मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून रोज पाहतो.

वेळेत पोचलेल्या मोजक्यांची व्हिपल शस्त्रक्रिया होते. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनलिकेचा खालचा भाग एकत्र निघतो. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती मांडली, तेव्हा ती दोन टप्प्यांत होई. आज सर्जन आतड्याच्या मुख्य धमनीपाशी आधी पोचतात, गाठीत गुंतलेली शीर कापून पुन्हा जोडतात. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू शंभरात पाचांच्या आत आले आहेत.

गाठ पुरती निघाली का, याचं उत्तर मात्र ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला नमुना कापून पाहण्याच्या, टेबलावर मिळतं. २००६ मध्ये लीड्सच्या कॅरोलिन व्हर्बेके आणि सहकाऱ्यांनी नमुन्याच्या कडा रंगीत शायांनी रंगवून त्याच्या आडव्या चकत्या पाहिल्या. ८५ टक्के नमुन्यांत कर्करोग कडेला पोचलेला निघाला. जुन्या पद्धतीत हा आकडा ५३ होता. सर्जनचा हात बिघडला नव्हता, आमचं पाहणं सुधारलं होतं. तेव्हापासून कडेचा एकेक मिलिमीटर मी जबाबदारीने मोजतो.

आता अनेकांना आधी केमो देतात. मग गाठ बोटाला लागत नाही. हराळी उपटल्यावर मुळं उरावीत तशा पेशी कठीण झालेल्या भागात विखुरलेल्या असतात. नजरेवर भिस्त ठेवता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला त्या भागाचे भरपूर तुकडे, म्हणजे ब्लॉक, घ्यावेच लागतात. निदान बारा लिम्फ नोड शोधायचे. गाठ स्वादुपिंडातली, पित्तनलिकेतली की ती नलिका आतड्यात उघडते त्या अँप्युलातली, तेही ठरवायचं, कारण त्यावर केमोची निवड आणि आयुष्याचा अंदाज अवलंबून असतो.

सर्जन मित्रांनो, शिरेची आणि धमनीची कड टाका घालून दाखवा, आधी केमो दिला असेल तर फॉर्मवर लिहा. आणि गावाकडच्या नातेवाइकांनो, डिस्चार्ज कार्डाइतकाच पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपा. पुढचा उपचार त्यावरच ठरतो.