परतीच्या वाटा

ध्वनिपरिवर्तक, म्हणजे तबकडीवर किंवा संगणकात आकड्यांच्या रूपाने साठवलेल्या ध्वनीला पुन्हा विद्युतदाबाचे रूप देणारे यंत्र, घरी बांधू पाहणाऱ्या कारागिराचे सारे लक्ष प्रथम परिवर्तक चिपकडे लागते आणि वीजपुरवठा हा तिला जागी ठेवण्यापुरता लागणारा भाग मानला जातो. हा समज मुळातच चुकीचा आहे; कारण बाहेर येणारा दाब हा आकडा आणि संदर्भदाब यांचा गुणाकार असतो, संदर्भदाब शेवटी पुरवठ्यावरच उभा असतो, आणि तो थरथरला की आकडा अचूक असूनही गुणाकार थरथरतो.

ही थरथर किती सूक्ष्म असली तरी पुरते, हे साध्या हिशेबाने कळते. सीडीवरील प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवरचा असतो, आणि सीडी प्लेअरच्या 2 व्होल्टच्या प्रचलित पातळीला तरंगाच्या तळापासून शिखरापर्यंतचे अंतर सुमारे 5.66 व्होल्ट भरते; त्याच्या तितक्या पायऱ्या पाडल्या तर एक पायरी जेमतेम 86 मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या दहा हजारांश भागाहूनही लहान, ठरते.

फिलिप्स कंपनीची टीडीए 1541 ए ही चिप, जी 1980 च्या दशकातील अनेक सीडी प्लेअरांत होती आणि हौशी कारागीर जिला आजही जपतात, या दृष्टीने फार शिकवणारी आहे. तिला +5, −5 आणि −15 असे तीन दाब लागतात; तिच्या 28 पिनांपैकी एक आकड्यांच्या बाजूच्या ग्राउंडची आणि दुसरी ध्वनीच्या बाजूच्या ग्राउंडची असते; शिवाय तिच्याभोवती 14 छोटे कपॅसिटर जोडावे लागतात. चिपच्या आतले वजनदार बिटांचे प्रवाह तंतोतंत समान होण्यासाठी त्यांच्या जागा सतत आलटून-पालटून बदलल्या जातात, आणि या अदलाबदलीतून उरणारी लहर ते कपॅसिटर गाळून टाकतात. चौदाही कपॅसिटर पिनांना अगदी चिकटून बसवणे हे किचकट काम असले, तरी त्या कामात जो सुबकपणा साधतो तो पुढे ऐकू येतो.

पुरवठ्याचा खरा पेच मात्र चिपपासून दूर, ट्रान्सफॉर्मरजवळ असतो. भारतातील घरगुती वीज 230 व्होल्ट आणि सेकंदाला 50 आवर्तनांची असल्यामुळे चार डायोडांच्या ब्रिजमधून गेल्यावर तिचे सेकंदाला 100 ठोके होतात. दर ठोक्याला मोठा कपॅसिटर भरतो आणि मधल्या काळात रिकामा होत जातो. 2200 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून 200 मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर दाबात सुमारे 0.9 व्होल्टची लहर उरते. दाब स्थिर करणारा एलएम 317 हा रेग्युलेटर, त्याच्या ॲडजस्ट पिनेला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला असता, ती लहर सुमारे दहा हजार पटींनी खाली आणतो, म्हणजे ती 90 मायक्रोव्होल्टवर, जवळपास एका पायरीवर, येते. कुठल्याही साध्या दुकानात मिळणाऱ्या भागाने एवढे साधणे ही लहान गोष्ट नव्हे.

एवढे कमावलेले दहा सेंटिमीटर तारेत गमावता येते. ग्राउंड म्हणजे सर्वत्र शून्य, ही आकृती काढण्यापुरती सोय आहे. प्रत्यक्षात ग्राउंड ही तांब्याची वाट असते आणि तांब्याला रोध असतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दहा सेंटिमीटर तारेचा रोध सुमारे 3.4 मिलिओहम असतो. कपॅसिटर सलग भरत नाही, ठोक्याच्या शिखरावर अल्पकाळच भरतो, म्हणून भरण्याचा प्रवाह सरासरीच्या कित्येक पट असतो. तो एक अँपिअर धरला तरी त्या तारेच्या दोन टोकांत 3.4 मिलिव्होल्टचा, म्हणजे सुमारे चाळीस पायऱ्यांचा, फरक पडतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर यांचे वर्तुळ आधी आपल्यापुरते पूर्ण करावे, आणि ध्वनीच्या बाजूचे ग्राउंड त्या वर्तुळाच्या मधल्या तारेवरून न घेता कपॅसिटरच्या पायापासूनच स्वतंत्र न्यावे. महागडा रेग्युलेटर शोधण्याआधी ही एक तार उकलून दुसरीकडे डाखणे अधिक फलदायी ठरते.

ग्राउंड आणि अर्थिंग या दोन शब्दांची गल्लत तर जिवावर बेतू शकते. अर्थिंग ही माणसासाठी असते. धातूची पेटी तीन पिनांच्या प्लगच्या जाड पिनेला थेट आणि घट्ट जोडलेलीच हवी, आणि घूं असा आवाज घालवण्यासाठी ती पिन तोडण्याचा सल्ला कोणीही दिला तरी तो मानू नये. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही अर्थ केलेले असले की केबलच्या आवरणातून वर्तुळ तयार होते, हे खरे आहे. तेथे 1983 मध्ये तोशिबाने आणलेली टॉस्लिंक ही प्रकाशवाहिनी वापरल्यास तांब्याचा दुवाच उरत नाही. अन्यथा ध्वनीचे ग्राउंड पेटीला 10 ओहमच्या रोधातून जोडून, त्याला समांतर उलटसुलट दोन दणकट डायोड ठेवावेत, म्हणजे एरवी वर्तुळातला प्रवाह रोखला जातो आणि बिघाडाच्या वेळी मोठ्या प्रवाहाला वाट मोकळी राहते.

कानाने पारख करायची असेल, तर काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्यासारखी कसोटी नाही. त्या पट्टीतला मंद्र पंचम सुमारे 104 हर्ट्झवर येतो, आणि पुरवठ्याची लहर 100 हर्ट्झवर त्याच्या अगदी शेजारी उभी असते. ती ध्वनीत मिसळली, तर पंचमाची तार सेकंदाला सुमारे चार वेळा हलकेच डुलते आणि सुरेल लावलेला तानपुरा उतरल्यासारखा वाटतो. ग्राउंडची तार योग्य जागी डाखली गेली की तो डोल थांबतो, आणि जवारी शेवटच्या क्षणापर्यंत ऐकू येते.