पुनःसंधान

याच आषाढांतील गोष्ट. वाघोलीस दुपारपासून पाऊस लागला होता आणि वीज दोनदां जाऊन आली होती. नातीच्या परीक्षेची फी भरण्याचा तो शेवटचा दिवस. मुलगा बाहेरगांवीं, सून खराडीच्या कचेरींत. तेव्हां हें काम मीं अंगावर घेतलें. मोबाइलवर रक्कम लिहिली, कळ दाबली. पडद्यावर एक चक्र फिरूं लागलें आणि थोड्या वेळानें ‘संपर्क तुटला’ अशीं अक्षरें उमटलीं. पुन्हां दाबली, पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस ‘फी जमा झाली’ असें उत्तर आलें आणि मी समाधानानें देवापाशीं दिवा लावावयास उठलों. सकाळीं पाहतों तों पेन्शनच्या खात्यांतून फी दोनदां वजा झालेली!

सूनबाईंचें काम अशींच ॲपें लिहिण्याचें. मी त्राग्यानें म्हणालों, “तुमचीं यंत्रें एवढीं शहाणीं, मग एकच फी दोनदां घेतल्याचें त्यांना कळूं नये?” ती हंसली नाहीं. म्हणाली, “बाबा, चूक तुमची नव्हे. तें ॲप लिहिणाराची आहे.” मग चहा घेतां घेतां तिनें जें सांगितलें, तें वाचकांसही ऐकण्याजोगें आहे.

दोन यंत्रें बोलूं लागलीं कीं संभाषणाच्या दोरास दोन्हीकडे एक एक टोंक असतें. त्यास सॉकेट म्हणतात. दोर तुटण्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला नकार: दार ठोठावलें आणि ‘येथें ऐकणारें कोणी नाहीं’ असें स्पष्ट उत्तर आलें. दुसरा, बोलणें चाललें असतांच पलीकडून दोर तोडला गेला. तिसरा मौन: हांक मारली, मुदत संपली, उत्तर नाहीं. सर्वांत फसवें हें तिसरें. हांक पोंचलीच नसेल. पोंचून काम चालूं असेल. किंवा काम होऊन त्याचें उत्तर तेवढें वाटेंत हरवलें असेल. अलीकडे बसलेल्यास यांतील खरें कोणतें हें कळण्यास मार्ग नाहीं. माझ्या फीचें झालें तें हेंच.

मग पुन्हां हांक मारावीच कीं नाहीं? मारावी, पण रीतीनें. १९८६ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बर्कली येथें सुमारें चारशें यार्डांवरच्या दोन संस्थांमधील वेग सेकंदास ३२,००० बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ च्या निबंधांत त्याची मीमांसा केली. गर्दींत अडकलेले संदेश हरवले असें समजून यंत्रें तेच संदेश फिरफिरून पाठवीत होतीं आणि त्यानें गर्दी अधिकच वाढत होती. आमच्या नगर रस्त्यावर संध्याकाळीं वाहनांचें असेंच होतें! म्हणून चांगलें ॲप प्रथम एक सेकंद थांबतें, मग दोन, मग चार, मग आठ. त्यांतही कांहीं क्षण मुद्दाम अनियमितपणें मागें-पुढें करतें. नाहींतर वीज आली कीं साऱ्या गांवाचीं यंत्रें एकाच क्षणीं एकाच दारावर धडकावयाचीं. आणि कांहीं खेपांनंतर तें थांबतें व ‘जमलें नाहीं’ असें प्रामाणिकपणें सांगतें.

“आणि दोनदां पैसे जाऊं नयेत म्हणून?” मीं विचारलें. प्रत्येक मागणीस एक क्रमांक द्यावयाचा. पुन्हां मागतांना नवा नाहीं, तोच. मग पलीकडचें यंत्र ओळखतें कीं ही मागणी जुनीच. हें ऐकून मला आमच्या शाळेचें जावक-बुक आठवलें. स्मरणपत्र पाठवितांना आम्ही मूळ पत्राचा जावक क्रमांक व तारीख लिहीतच होतों! जन्मभर मुलांना संधीचे नियम घोकविले. तुटलेलें पुन्हां जोडण्याचेही नियम असतात हें मात्र साठी उलटल्यावर शिकलों.

फीची दुसरी रक्कम अर्ज केल्यावर परत आली. पण त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, तिचें कारण वेगळें होतें. वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून धाकट्या बंधूंशीं माझें बोलणें तुटलें. तीन वर्षांपूर्वीं मीं त्यांना एक पत्र लिहिलें. उत्तर आलें नाहीं. मी तो नकार समजलों, आणि घरांत कोणी त्यांचें नांव काढलें तर उठून जाऊं लागलों. पण नकार आला कोठें होता? आलें होतें तें मौन. पत्र पोंचलें नसेल, उत्तर अर्धें लिहून राहिलें असेल, हा विचार मीं एकदांही केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पत्र लिहिलें. आरंभींच जुन्या पत्राची तारीख घातली, म्हणजे नवें भांडण उकरतों आहें असें त्यांस वाटूं नये. आज त्यास बारा दिवस झाले. उत्तर नाहीं. पूर्वीं मीं याचा अर्थ एका दिवसांत लावला असता. आतां श्रावण लागेपर्यंत थांबणार आहें. आणि मग त्याच तारखेचा उल्लेख करून आणखी एक पत्र लिहिणार आहें.