फुफीची नऊ कलमं

कासवाची पिल्लं पाहायची तर फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नातेवाइकांकडे जायचं तर ईदनंतर लगेच. या वेळी दोन्ही हिशेब जुळले. ईद हंगामात आली, आमच्या उर्दू शाळेला चार दिवस सुट्टी होती, आणि कराडहून गाडी काढून कोकणात उतरायचं हे रमजानमध्येच ठरलं. सासूबाई, आम्ही दोघे, आठवीतली लेक आणि पाचवीतला धाकटा, अशी पाच माणसं. मुलांनी वहीत यादी केली होती: कोयना धरण, मगरी, समुद्र, किल्ला, कासवं. सासूबाईंची यादी तोंडपाठ होती आणि तिच्यात फक्त माणसं होती.

मुलांच्या अब्बांची यादी एकाच ओळीची होती: बाणकोटच्या फुफी.

त्यांचं घराणं मूळचं बाणकोटचं. सासरे मरहूम तरुणपणी नोकरीसाठी घाट चढून कराडला आले ते इथलेच झाले. मागे राहिली एक बहीण आणि वडिलांची आमराई, सत्तावीस कलमांची. बावीस वर्षांपूर्वी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली, जशी कोकणात आणि देशावरही घरोघर घेतली जाते. तिला एक साडी घेऊन दिली आणि सातबाऱ्यावर एकच नाव राहिलं. भांडण झालं नाही. ईदला फोन व्हायचे, आजारपणं कळायची. पण फुफी त्यानंतर कराडच्या घरी आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत हे कोणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचा इंतिकाल झाला. शेवटच्या आजारात त्यांनी मुलाला जवळ बोलावून सांगितलं होतं, "बहिणीचं देणं बाकी आहे. ते माझ्या अंगावर ठेवू नकोस."

म्हणून गाडीच्या कप्प्यात एक जाड लिफाफा होता आणि एक जुनी वही.

फज्रनंतर निघालो. पाटण सोडलं की रस्ता कोयनेच्या संगतीने चालतो. कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते. १०३ मीटर उंच, म्हणजे धाकट्याच्या हिशेबाने आमच्या शाळेसारख्या दहा शाळा एकावर एक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सासूबाईंना आठवतो. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, खाली कोकणात, आणि फडताळातली भांडी आपोआप वाजायला लागल्यावर त्यांच्या आजीने मोठ्याने कलमा म्हणायला सुरुवात केली होती. धरणाच्या पाठीमागे शिवसागर जलाशय आणि त्याभोवतीचं दाट जंगल आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. वाघ दिसेल म्हणून धाकटा खिडकीला चिकटून बसला होता. त्याला कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी शेकरू दिसलं, तांबूस, स्वतःच्या अंगाएवढी शेपटी मागे सोडून एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेलं. राज्याचा प्राणी आहे तो, आणि वाघापेक्षा आम्हाला तरी जास्त देखणा वाटला.

घाट उतरला की हवा चिकट होते आणि चिपळूण येतं. तिथे आपा, म्हणजे मुलांची फुफी. तिच्या घराच्या भिंतीवर २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ अजून आहे. रंग देताना तिने मुद्दाम तेवढी पट्टी सोडली. पाहुण्यांना ती रेघ दाखवते, मग चहा देते. संध्याकाळी तिचे यजमान आम्हाला वाशिष्ठीच्या काठी घेऊन गेले. ओहोटी लागली होती. चिखलाच्या बांधावर तीन मगरी पडलेल्या, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या. एकीने जबडा उघडा ठेवला होता आणि कितीतरी वेळ मिटला नाही. मगर अंगातली उष्णता कमी करायला असं करते, हे मुलांना सांगेपर्यंत ती सपकन पाण्यात गेली. पावसाळ्यात याच मगरी चिपळूणच्या रस्त्यावर फिरताना दिसतात, म्हणून तिथल्या मुलांना त्यांचं फारसं कौतुक नाही.

रात्री जेवणावर लिफाफ्याची गोष्ट निघाली. वारसाचा हिशेब सूरह निसामध्ये सांगितला आहे: मुलाला दोन वाटे, मुलीला एक. एक भाऊ, एक बहीण, कलमं सत्तावीस. लेकीने बोटांवरच उत्तर काढलं, "नऊ." मग जरा थांबून म्हणाली, "पण मुलीला निम्मं का?" आम्ही खर्चाच्या जबाबदारीचं, मेहरचं जे सांगायचं ते सांगितलं. तिचं समाधान झालेलं दिसेना. सासूबाई माशाचा काटा काढत म्हणाल्या, "आधी निम्मं तरी मिळू दे बाळा, मग बाकीचं विचार." त्यावर आपा हसली, आणि हसता हसताच भावाला म्हणाली, "अब्बांच्या मागे माझंही काही असेलच ना?" वही उघडून तिला तिचं पान दाखवण्यात आलं. ती ते चष्मा लावून वाचत बसली. भाजी पुन्हा गरम करावी लागली.

दुसरा दिवस समुद्राचा. दापोलीच्या रस्त्यावर वडाच्या झाडावर धनेशाची जोडी दिसली. पिवळी, मोठी चोच आणि उडताना पंखांचा असा आवाज की कोणी चादर झटकतंय. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. लिलाव इतक्या भरभर चालतो की बोली कोणाची आणि मासा कोणाचा हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वाळूवर एका बाजूला अस्रची नमाज अदा केली. आमच्या गाडीत दोन मसलक आहेत हे इथे सांगायला हवं. आमचं माहेर मिरजेचं, हनफी. सासर कोकणी, शाफई. त्यांची अस्र आमच्या आधी होते, आणि प्रवासात ते जोहर-अस्र एकत्र पढू शकतात. त्यामुळे दर प्रवासात निम्मी गाडी मोकळी होऊन चहा पीत असते आणि निम्मी घड्याळ पाहत असते.

तिसऱ्या दिवशी मंडणगड तालुक्यात शिरलो. आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव याच तालुक्यात. तिथलं स्मारक पाहून पुढे निघालो आणि दुपारी सावित्रीच्या खाडीकाठी बाणकोटला पोहोचलो. वरच्या किल्ल्याचं नाव हिंमतगड. अठराव्या शतकात इंग्रजांनी तो घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. राणी व्हिक्टोरिया तेव्हा जन्मलीही नव्हती, हे लेकीने फलक न वाचताच ओळखलं. वर्गात इतिहास शिकवल्याचं असं चीज कधीकधी होतं.

फुफी ओट्यावरच उभ्या होत्या. "कवा आलाव?" एवढंच म्हणाल्या आणि सासूबाईंना धरून आत नेलं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. यजमान नाहीत, दोन्ही मुलं कुवेतला, सुना-नातवंडं मुंब्र्याला. मुलं दर फोनला सांगतात, घर बंद कर आणि मुंब्र्याला जा. चौदा खणांचं कौलारू घर, त्यातली एक खोली वापरात. बाकी खोल्यांत नारळ, सरपण आणि आखातातून आलेल्या बॅगा. आमच्यासाठी त्यांनी सांदणं केली होती, नारळाच्या दुधाबरोबर. तांदळाच्या रोट्या, ओल्या काजूंचं कालवण. त्यांची बोली मुलांना अर्धीच कळत होती. धाकटा प्रत्येक वाक्याला मान डोलावून "हो" म्हणत होता, आणि त्या नादात तिसऱ्यांदा जेवायलाही हो म्हणून बसला.

जेवणानंतर मुलांच्या अब्बांनी लिफाफा त्यांच्यापुढे ठेवला. "अब्बांनी जाताना सांगितलं होतं," असं म्हणून त्यांना पुढे बोलता येईना.

वाटेत आम्ही या क्षणाची तयारी केली होती. फुफी म्हणणार, राहू दे रे, मला काय करायचंय. मग आपण आग्रह कसा करायचा, सासूबाईंनी काय बोलायचं, हे सगळं ठरलं होतं. फुफींनी चष्मा पदराने पुसला, लिफाफा उघडला आणि नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"किती वर्षांचे?"

"बावीस वर्षांचे. ठेक्याच्या वहीप्रमाणे."

वही त्यांनी लेकीकडून वाचून घेतली, वर्षामागून वर्ष. एका ठिकाणी थांबवलं. "तुझ्या आपाचं लग्न झालं त्या साली आंबा तुफान होता. ठेकेदाराने तुझ्या बापाला फसवलंन." त्या वर्षापुढे लेकीने फुली मारली. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. फुफी हक्कसोडपत्राच्या दिवसाबद्दल बोलू लागल्या. कचेरीबाहेर दोन तास बसावं लागलं होतं. ऊन होतं. भाईने शहाळं आणून दिलं होतं, स्वतः फोडून. "मला वाटलं, आता बोलंल काहीतरी. सही झाली, एसटी आली." एवढं सांगून त्यांनी लिफाफा कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "आता झाडं दाखव."

आमराई घरामागच्या चढावर. फुफी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. नऊ झाडं कुठली हे आम्ही कागदावर रांगेने ठरवून आणलं होतं. त्यांनी तो कागद पाहिलाही नाही. विहिरीजवळचं पहिलं कलम त्यांनी निवडलं, कारण ते लावताना पाण्याच्या कळशा त्यांनीच वाहिल्या होत्या. बाकीची आठ मात्र भावनेने नाही, फळ मोजून निवडली. लेक मागे खडू घेऊन खोडांवर आकडे टाकत होती. यंदाचा ठेका आधीच दिलेला होता, म्हणून नऊ झाडांचे पैसे ठेकेदाराने थेट फुफींच्या हातात द्यायचे ठरलं. तेवढ्या तुकड्याचं बक्षीसपत्र पुढच्या फेरीत मंडणगडला करायचं.

वेळास तिथून जवळच आहे, किनाऱ्याच्या रस्त्याने थोडंसं. कासवांसाठी दूरदूरची माणसं तिथे येतात, गावातल्या घरांत राहतात. फुफी जन्मभर शेजारी राहून कधी गेल्या नव्हत्या. "त्यांची अंडी बाजारात यायची आमच्या लहानपणी. त्यात बघायचं काय?" पण गाडीत बसल्या.

२००२ पासून वेळासच्या किनाऱ्यावर हे काम चालू आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ते सुरू केलं, गावकऱ्यांनी उचललं, पुढे वन विभाग आला. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या पुढे अंडी घालते आणि निघून जाते. ती पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाही. कोल्हे-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवण्यासाठी कार्यकर्ते ती अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे ऐकून लेकीने धाकट्याकडे विजयाने पाहिलं.

त्या संध्याकाळी एकवीस पिल्लं होती. दोरीच्या मागे आम्ही सगळे उभे, फुफींसाठी कोणीतरी खुर्ची आणली. टोपली कलती केली आणि तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं समुद्राकडे चालू लागली. काही भराभर, काही दर चार पावलांवर थांबून. एक उलट दिशेने वळलं. धाकटा ओरडला, पण हात लावायचा नव्हता. लाट आली, त्याला उलटंपालटं करून परत वर टाकून गेली. ते पुन्हा उठलं.

तिथल्या कार्यकर्त्याने ओडिशाच्या मादीची गोष्ट सांगितली. २०२१ मध्ये गहिरमाथा किनाऱ्यावर तिला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये ती इकडे गुहागरला अंडी घालताना सापडली, पूर्व किनारा सोडून पश्चिम किनाऱ्यावर. कासव जन्मल्या किनारीच परत येतं असं आपण मुलांना शिकवतो. ती कुठली म्हणायची? फुफी लक्ष देऊन ऐकत होत्या. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "मुंब्र्याला जाईन. पण आंब्याच्या दिवसांत नाय."

मगरिबची अजान बाणकोटला परत पोहोचण्याआधीच झाली, रस्त्याकडेला गाडी थांबवून नमाज पढलो. त्या नमाजेत दोन्ही मसलक एकाच वेळी उभे होते.

चौथ्या दिवशी महाडवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे कराडला आलो. महाबळेश्वरला गर्दी होती, थांबलो नाही.

मे महिन्यात फुफींचा फोन आला. ठेकेदार आंबे उतरवायला आला तेव्हा त्या विहिरीजवळच्या कलमाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. डझनाला बाराच मोजून घेतले. त्याने सहाव्या झाडाची फळं आमच्या वाट्यात टाकायचा प्रयत्न केला, तर खोडावरचा खडूचा आकडा त्यांनी काठीने दाखवला. एक पेटी एसटीने पाठवली आहे, म्हणाल्या, उतरवून घ्या. आणि लेकीला विचारलं, पावसाने खडू पुसला जाईल, त्याआधी रंगाचा डबा घेऊन कधी येतेस?