ताराबाईंचे बिऱ्हाड

२००५ सालापासून आमच्या घरी एक बाई राहतात. भाडे देत नाहीत, बोलत नाहीत आणि वर्षातून पाच-सहा वेळांहून अधिक दर्शनही देत नाहीत. नाव ताराबाई. घराणे पूर्व आफ्रिकेचे, केनिया-टांझानियाच्या माळरानावरचे. आम्ही साताऱ्याचे, आणि दोघांची गाठ पडली ती इंग्लंडात, लेस्टरला. ताराबाई म्हणजे कोळी आहेत. टॅरंटुला म्हणतात त्यातला, पाय पसरले तर नाश्त्याची बशी सहज झाकून टाकील एवढा.

मुंबईच्या बहिणीला मी प्रथम फोनवर सांगितले, "आमच्याकडे एक कोळीण राहायला आली आहे." ती म्हणाली, "बरे झाले, मासळी तरी ताजी मिळेल!" आम्ही अंडेसुद्धा न खाणारी माणसे, हे ती आनंदाच्या भरात विसरली असावी.

ताराबाईंना आणले आमच्या चिरंजीवांनी. वय वर्षे चौदा. कोळी पाळणाऱ्या लोकांचे एक प्रदर्शन भरते, तिथून तो औषधाच्या गोळ्यांच्या डबीत वाटाण्याएवढे पिल्लू घेऊन आला आणि म्हणाला, "आई, तुला काहीसुद्धा करावे लागणार नाही." हे वाक्य ज्या आईने ऐकले नाही, अशी आई अजून मला भेटायची आहे. चार वर्षांनी चिरंजीव कॉलेजला गेले, २०१३ साली नोकरीसाठी टोरांटोला गेले आणि ताराबाई माझ्याकडे राहिल्या.

डबीवर 'सिथारिशियस क्रॉशायी' असे भारदस्त नाव होते. पोकॉक नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने ते १९०० साली ठेवलेले. पुढे २०१० मध्ये असे ठरले की, कार्श या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच याच प्राण्याला 'पेलिनोबियस म्यूटिकस' म्हटले होते. आणि शास्त्रात थोरल्या नावाचा मान. आपल्याकडे मुलीचे नाव लग्नात बदलते, आमच्या मुलीचे लग्नाआधीच बदलले. पाळणारे लोक मात्र तिला 'किंग बबून' म्हणतात. आफ्रिकेतल्या या कोळ्यांच्या पायांची टोके बबून वानराच्या बोटांसारखी दिसतात, म्हणून बबून. बाई असून 'किंग' का, ते त्या लोकांनाच ठाऊक.

रंग गंजल्या लोखंडाचा, पण अंगावर मखमल. मागचे दोन पाय जाड आणि बाकदार, पैलवानाच्या मांड्यांसारखे. स्वभाव मात्र मखमली नाही. काचेच्या उंच पेटीत मी हातभर माती दाबून भरली आहे. तिच्यात त्यांनी स्वतः खणलेले बीळ आहे. पाण्याची वाटी भरायला चिमटा आत गेला की बाई पुढचे पाय उंच उभारतात, सुळे दाखवतात आणि अंगावरचे राठ केस एकमेकांवर घासून असा आवाज काढतात की, तापल्या तव्यावर पाणी शिंपडले असे वाटावे. अमेरिकेतल्या कित्येक टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस शत्रूवर उडवतात. आफ्रिकेतल्यांकडे ते शस्त्र नाही, म्हणून चावा कडक. माणूस मरत नाही, पण दुखते फार आणि स्नायूंना पेटके येतात, असे चावून घेतलेले सांगतात. मी चावून घेतलेले नाही. खाणे म्हणजे नाकतोडे आणि झुरळे. साताऱ्याच्या घरात ज्यांच्यामागे मी केरसुणी घेऊन धावत असे, ती झुरळे इथे मी पैसे मोजून टपालाने मागवते. आमचे हे त्या वेळी खोलीबाहेर जातात.

या जातीची वाढ फार सावकाश. मादीला वयात यायला सात-आठ वर्षे सहज लागतात, आणि मग ती वीस-पंचवीस वर्षांची होऊ शकते. म्हणूनच मोठ्या माद्या आफ्रिकेत बिळातून खणून काढायच्या आणि परदेशी विकायच्या, हा धंदा मला चोरीपेक्षाही वाईट वाटतो. एक कुदळ चालली की इतक्या वर्षांची पुंजी गेली. घरातच पिल्ले झाली तर कुदळ थोडी तरी थांबेल, म्हणून मी ताराबाईंसाठी स्थळ पाहायला लागले.

नर वयात आला की फार तर वर्षभराचा सोबती. अंगाने बारीक, पाय लांब, बिळाची हौस संपलेली. तो एक लहानसे जाळे विणतो, त्यावर बीज सोडतो, तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकांत ते भरून घेतो आणि ही शिदोरी घेऊन मादीच्या शोधात निघतो. पाळणाऱ्यांत रीत अशी की, नर उसना द्यायचा आणि पिल्ले निम्मी-निम्मी घ्यायची. देण्याघेण्याच्या बैठकी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. इतकी सरळ बोलणी कुठे पाहिली नाहीत.

पहिला नवरदेव २०१७ साली आला, सगळे रीतसर झाले आणि तो सुखरूप परतही गेला. पण चार महिन्यांनी ताराबाईंनी कात टाकली. मादी कात टाकते तेव्हा नराचे बीज साठवलेल्या पिशवीचे अस्तरही कातीबरोबर जाते. संसार पुन्हा कोरा.

दुसरा २०१९ च्या एप्रिलमध्ये लीड्सहून आला. त्याचे मालक निवृत्त बसचालक, अतिशय अबोल गृहस्थ. नराने बिळाच्या तोंडाशी पाय आपटून दार वाजवले, आतून उत्तर आले. लग्न लागले आणि नवरदेव बाहेर आले नाहीत. मालकांना कळवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "त्याचे वय झालेच होते."

ऑगस्टअखेर ताराबाईंनी खाणे सोडले आणि माती व रेशीम यांनी बिळाचे तोंड लिंपून टाकले. आत अंड्यांची पिशवी असेल, नसेलही. टोरांटोहून चिरंजीवांचा फोन. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, आता दर रविवारी. "आई, तीस दिवस झाले की पिशवी काढून घे. सगळे जाणते लोक तसेच करतात. आईने अंडी खाल्ली तर?" त्याचे खोटे नव्हते, डिवचलेली मादी अंडी खाते. पण हातभर माती खणून तिच्या पायांतून पिशवी ओढून काढण्यापेक्षा अधिक डिवचणे ते कोणते?

मी तीस वर्षे लहान मुलांच्या शाळेत शिकवले. दर वर्षी कागदी पेल्यात घेवडा पेरायचा. आणि दर वर्षी एक मूल निघायचेच, जे मोड आला का पाहायला रोज बी उकरून काढायचे. हुशार मुलेच ती, पण त्यांचा घेवडा कधी उगवला नाही. मी चिरंजीवांना म्हटले, "मी खणणार नाही." तो रागावला. पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. फोन ताराबाईंसाठी येतो हे मला कळत होते. पण येत होता.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मी वाटीत पाणी भरायची, मातीचा एक कोपरा ओला ठेवायची आणि दिवा मालवायची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला आले. भाऊबीजेच्या रात्री चकल्यांचा डबा ठेवायला त्या खोलीत गेले, तर लिंपलेल्या तोंडाला भोक पडलेले आणि मातीवर पाच-सहा ठिपके चालत होते. आठ-आठ पायांचे. टोरांटोला तेव्हा संध्याकाळ होती. मी फोन पेटीसमोर धरून ठेवला. बराच वेळ तो काही बोललाच नाही, नंतर म्हणाला, "आई, दिवा जरा कमी कर, त्यांना त्रास होईल."

पंधरा दिवसांत सत्त्याऐंशी पिल्ले निघाली. रंगाच्या कुंचल्याने एकेक उचलून औषधाच्या डब्यांत घातले. या कामाला आमचेही बसले, चष्मा लावून. सत्त्याऐंशीचे निम्मे कसे करायचे हा प्रश्न लीड्सच्या गृहस्थांनी सोडवला. त्रेचाळीस पिल्ले आणि चकल्या घेऊन ते गेले.

चिरंजीव त्या डिसेंबरात आले आणि आल्या आल्या आमच्याआधी ताराबाईंच्या खोलीत गेले. बाकीची पिल्ले वाटली, तीन ठेवली. त्यांतल्या दोघी अजून वाढताहेत. तिसऱ्याने मागच्या महिन्यात कात टाकली, तेव्हा त्याचे पाय लांब झालेले दिसले आणि पुढच्या दोन आखूड पायांना मुठी आलेल्या. ब्रिस्टलहून एका मुलीचे पत्र आले आहे. तिच्याकडे मादी आहे. कुरियर मंगळवारी येईल. रात्री थंडी फार पडणार नाही असा दिवस पाहून घेतला आहे, आणि डबीत ओला कागद घालायचा तेवढा राहिला आहे.