किनाऱ्याकिनाऱ्यानं, लेखांक तिसरा : छत्तीस वजा एक

दिवस चौथा, मंगळवार. श्रीवर्धन.

दिवेआगरहून निघालो. शेखाडीच्या अलीकडे, रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो तिथे मागून ‘टण्’ असा आवाज आला. खडा उडाला असेल म्हणून तसाच पुढे गेलो. थोड्या वेळानं मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. खर्र, दर फेऱ्याला एकदा. उतरून बघतो तर स्पोक तुटलेला. मागच्या चाकाचा, उजवीकडचा, हबपाशी वळतो तिथेच. बहुतेक वेळा हाच तुटतो, कारण गिअरच्या चकत्यांना जागा करून द्यायला त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणून बसवलेल्या असतात.

दोष माझाच. चकत्यांच्या मागे प्लॅस्टिकचं एक पारदर्शक ताट असतं. ते शोभत नाही म्हणून मी गेल्या वर्षी कापून टाकलं. मग येऊरच्या चढावर एकदा चेन नेमकी त्या फटीत पडली, तेव्हाच तारांना चरे गेले असणार. शिवाय माझं वजन ८६ किलो, कॅरिअरवर १४ किलो सामान.

तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली. उजवी तार गेली की रिम डावीकडे ओढली जाते. म्हणून तिच्या लगतच्या दोन डाव्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल केल्या. चाकाची आऊट, म्हणजे डुलणं, थोडी कमी झाली, गेली नाही. शेवटी मागचा ब्रेकच मोकळा करून टाकला.

इथल्या दुकानदाराकडे फ्रीव्हील खोलायचा पाना नाही. फ्रीव्हील निघाल्याशिवाय नवी तार आत जात नाही. “मुंबईला दाखवा,” म्हणाला. तिकडूनच आलोय, बाबा!

चहा म्हणजे साखरेचा पाक.

दिवस पाचवा, बुधवार. वेळास.

खोली ७००. नाश्ता ६०. चहा तीन, ४५. केळी ३०. फेरीचं तिकीट हरवलं, आकडा आठवत नाही. बागमांडल्याला पाऊण तास बसलो, फेरी पलीकडे होती. एकेक उतार पायी उतरलो, कारण एकट्या पुढच्या ब्रेकवर सामानासकट सुटायची छाती नाही. चढही बरेचसे पायीच. म्हणजे सायकल मी फिरवायला आणली आहे. खांद्यावर सॅक, मागच्या चाकाला भार नको म्हणून. खांदा गेला.

घरून फोन. “एसटीनं परत ये.” चहा पुन्हा पाक.

दिवस सहावा, गुरुवार. केळशी.

आज लिहायला बसलोय तो चाचांमुळे. सकाळी सडा चढून पलीकडे उतरलो (नकाशात खाडी दिसते, खाडीपर्यंतचा उतार आणि पुढचा चढ कोण दाखवणार), तर एका घराच्या पडवीत टायर टांगलेले दिसले. बाकड्यावर सत्तरीपुढचे चाचा. मी आधीच म्हटलं, फ्रीव्हीलचा पाना नसेलच तुमच्याकडे.

“पाना कशाला? त्या चकत्यांनी तुमचं काय बिघडवलंय?”

बिस्किटाच्या डब्यातून त्यांनी साध्या अठ्ठावीस इंची सायकलची जुनी तार काढली. माझ्या २६ इंची चाकाला ती लांब पडते. माझ्या शाबूत तारेशेजारी धरून नखानं खूण केली, पकडीनं डोकं छाटलं आणि दोन पकडींत धरून टोकाला दोनदा उलटसुलट मुरड घातली, इंग्रजी झेडसारखी. हबच्या भोकातून तो आकडा तिरका आत सरकवला आणि ओढला. अडकला! दुसऱ्या टोकाचे आटे रिममधल्या जुन्याच निपलात फिरले. फ्रीव्हीलला हातही लावावा लागला नाही. मी दोन दिवस ज्या पान्यासाठी रडत होतो त्याची गरजच नव्हती.

मग सायकल उलटी करून रिमजवळ खडू धरला. रिम जिथे बाहेर येते तिथे पांढरी खूण उमटते; तेवढ्याच तारा कसायच्या. मधूनमधून नखानं तारा छेडून कान लावत. एखादी बद्द वाजली की पाव फेरा. वीस मिनिटांत आऊट निघाली. मी दोन तास तारांचा पाना घेऊन घाम गाळला होता, तेव्हा एकदाही ऐकून बघावं असं सुचलं नव्हतं.

चाचा बावीस वर्षं कुवेतला गॅरेजात होते. परतल्यावर वीस सायकली घेऊन तासावर भाड्यानं देत. आता पोरं येतात ती फुटबॉलमध्ये हवा भरायला. पैसे किती, तर ४०. मी शंभराची नोट दिली, साठ परत आले, वर “जेवून जा.” चाचींनी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. तिरफळाचा वास अजून बोटांना आहे. चाचांना माझं एवढंच कळत नव्हतं, की चढायचं, परत उतरायचं आणि पुन्हा चढायचं, तर एसटीत वाईट काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना म्हणाले, “हा आकडा तात्पुरता. दापोलीत बदलून घ्या.” आकडा शेजारच्या तारेला लागून दर फेऱ्याला ‘टिक’ करतो.

दिवस सातवा, शुक्रवार. हर्णै.

दर पाच मिनिटांनी उतरून आकडा बघत आलो. टिकलाय. टिक. टिक. डोकं उठलं. संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायला गेलो, चेनमध्ये खवलं आणि वाळू घेऊन आलो. खोली ९००, खिडकी नाही. चहा पाक.

दिवस आठवा, शनिवार. गुहागर.

दापोलीत चांगलं दुकान दिसलं, उघडंही होतं. आत दोन मुलं कार्बनची सायकल स्टँडला लावून बसली होती. माझा आकडा बघून हसली असती आणि काढून कचऱ्यात टाकला असता. पुढे निघालो. दाभोळचा उतार चक्क बसून उतरलो, दोन्ही ब्रेक लावत. धोपाव्याच्या फेरीत माझ्याशेजारी आंब्याच्या रोपांचा टेम्पो. गुडघा दुखतोय.

दिवस नववा, रविवार. वेळणेश्वर.

खोली ८००. जेवण १८०. सोलकढी दोनदा मागितली, ४०. पालशेत, चढ, चढ. गुडघा.

दिवस दहावा, सोमवार. मालगुंड.

तवसाळहून जयगडची फेरी. पलीकडे धक्क्यावरून सायकल ढकलत चढताना शाळेच्या गणवेशातली एक मुलगी बाजूनं चालत होती. “काका, तुमच्या सायकलला घड्याळ बसवलंय?”

“कसलं घड्याळ?”

ती मागच्या चाकाकडे बघत होती. मला ऐकू यायला दोन-चार फेरे जावे लागले.

केशवसुतांचं घर बंद व्हायच्या वेळेला पोचलो, बाहेरूनच पाहिलं. खोली ९००, पंखा चालत नाही. चहा बिनसाखरेचा सांगितला, तर दूधही घातलं नाही.