उताराची निवड

सुरतेत चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबाचा बर्फाशी संबंध कितीसा असणार? गोळ्याची गाडी, उसाच्या रसात किणकिणणारे तुकडे आणि लग्नकार्यात सरबताच्या पिंपात सोडलेली लादी, एवढ्यात आपले बर्फपुराण आटोपते. येथील थंडी म्हणजे पोंक आणि उंधियुं खाण्याचे निमित्त. जानेवारीत चार दिवस पारा उतरतो, पेटीतले स्वेटर बाहेर निघतात आणि त्यांचा डांबरगोळ्यांचा वास जाण्यापूर्वीच पुन्हा पेटीत जातात. आपल्या भाषेनेही या बाबतीत काटकसरच केली आहे. आकाशातून पिसासारखे उतरते ते आणि कारखान्यात लादी होऊन गोठते ते, दोहोंनाही आपण बर्फच म्हणतो. ‘हिम’ हा शब्द आपण कवितेसाठी आणि हिमालयासाठी राखून ठेवला आहे.

अशा घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीने स्कीइंग शिकण्याचा हट्ट धरावा, याचे प्रथम नवल वाटले. परंतु कारण शोधावे लागले नाही. मनालीजवळच्या बुरुआ या खेड्यातील आंचल ठाकूर हिने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारताच्या नावे लागलेले ते पहिले पदक. तिचे छायाचित्र आमच्या नातीच्या अभ्यासाच्या मेजावर, वेळापत्रकाच्या शेजारी, बरेच दिवस चिकटवलेले होते. २०२३ च्या दिवाळीत घरात हा विषय निघाला आणि निरनिराळी मते पडली. चिरंजीवांना गुलमर्ग हवे होते. अहमदाबादच्या कन्येने बल्गेरियातील बान्स्को सुचवले, कारण ते युरोपात स्वस्त समजले जाते. सूनबाईंचे म्हणणे एवढेच की वार्षिक परीक्षा मार्चमध्ये असते आणि हाडे बाराही महिने मोडू शकतात. शेवटी, “बाबा, तुम्हीच काय ते ठरवा,” असा ठराव होऊन प्रकरण माझ्याकडे आले.

राज्य सरकारच्या सेवेत तेहतीस वर्षे घालवलेल्या माणसाला निवड म्हटली की निविदा आठवते. निविदेचा पहिला नियम असा की दराचा लिफाफा अगोदर उघडायचा नाही. आधी तांत्रिक पात्रता पाहायची. जो त्या कसोटीत उतरेल त्याचाच दर वाचायचा. सहलीच्या बाबतीत आपण बहुधा याच्या उलट करतो. कंपनीचे दरपत्रक आधी पाहतो आणि तेथे जाऊन करायचे काय, हे गाडीत बसल्यावर विचारतो. म्हणून मी एक कोरा कागद घेतला आणि नवशिक्याला खरोखर काय लागते ते लिहून काढले.

पहिली गोष्ट, उतार सौम्य हवा. दहा मीटर चालून गेल्यावर मीटर-दीड मीटरच खाली उतरवणारा. तो रुंद हवा आणि, सर्वांत महत्त्वाचे, त्याच्या पायथ्याशी भरपूर सपाट जागा हवी. नवशिक्याला थांबता येत नसते; त्याला जमिनीनेच थांबवावे लागते. दुसरी गोष्ट, उंची बेताची हवी. समुद्रसपाटीवरच्या माणसाला अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, तेव्हा वाटेत एखाद-दोन मुक्काम करता आले पाहिजेत. तिसरी गोष्ट, रोज तोच शिक्षक मिळावा. चौथी, मोठे रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असावे. आणि पाचवी, जी कोणत्याही माहितीपत्रकात नसते, ती म्हणजे पाहणाऱ्यांची गर्दी नसावी. तेरा वर्षांच्या मुलीला पडण्याची लाज वाटते आणि सहासष्ट वर्षांच्या माणसालाही. होय, तोवर मीही शिकायचे मनात घेतले होते. हाडांची घनता तपासून डॉक्टरांनी संमती दिली, मात्र “उत्साहाला आवर घाला,” असा शेराही मारला.

या कसोट्या लावून मी एकेक नाव पाहू लागलो. गुलमर्गची थोरवी वादातीत आहे. तेथील गंडोला रोपवेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये व दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. तो माणसाला अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास, नेऊन सोडतो. जगभरचे निष्णात लोक येतात ते त्या वरच्या उतारांसाठी. नवशिक्या मात्र खालच्या मैदानावरच राहतो आणि राहण्या-जेवण्यात मात्र त्या शिखराच्या कीर्तीचा आकार भरतो. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे ते मैदान तपकिरी आणि उघडे पडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. तेथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही फेब्रुवारीच्या उत्तरार्धावर गेल्या.

औलीचे नाव मला मनापासून आवडले होते. बद्रीनाथच्या यात्रेला गेलेल्या आपल्या घरांना खालचे जोशीमठ ठाऊक आहेच. त्याच्या माथ्यावर औलीचे लांब, रुंद उतार आहेत आणि तेथे २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही झाल्या. परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, आठशेहून अधिक घरांना तडे गेले आणि औलीला जोडणारा चार किलोमीटरचा रोपवे बंद करण्यात आला. एका वर्षानंतर तेथे जाऊन त्याच डोंगराच्या अंगावर घसरगुंडी खेळावी, हे मनाला पटेना. मनालीजवळचे सोलंग सोयीचे खरे, पण हंगामात तेथे शिक्षणापेक्षा छायाचित्रांचा व्यवहार जोरात चालतो. भाड्याचा रंगीत कोट, भाड्याच्या पट्ट्या, दहा-पंधरा मिनिटे आणि मोबाईलमध्ये पुरावा! आपल्या सुरतेची निम्मी मंडळी असेच ‘स्कीइंग करून’ आलेली असतात. त्यांच्या आनंदाला माझी हरकत नाही. परंतु बघणे आणि शिकणे ही दोन वेगवेगळी खाती आहेत. बान्स्कोचा दर वाजवी होता, पण त्यात विमानभाडे आणि व्हिसा मिळवला की ते स्वस्त युरोपीय माणसालाच, हे उघड झाले.

उरले नारकंडा. सिमल्याहून सुमारे पासष्ट किलोमीटरवर, हिंदुस्थान–तिबेट मार्गावर, सत्तावीसशे मीटर उंचीवरचे हे लहानसे गाव. रामपूर-किन्नौरकडे जाणारा प्रवासी येथे चहा पिऊन पुढे जातो. गावावर सुमारे चौतीसशे मीटर उंचीचे हाटू शिखर आहे आणि देवदारांच्या रानातून मोकळा झालेला एक उतार आहे. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था येथे स्कीइंगचे वर्ग घेत आली आहे. तिच्या ठरीव तारखा आम्हाला जुळेनात, तेव्हा एका स्थानिक शिक्षकाशी बोलणे करून ठेवले. मोठा दोष एकच. उंची कमी, म्हणून हिमाची शाश्वती कमी. त्यावर्षी तर हिमाचलात जवळजवळ सारा जानेवारी कोरडा गेला. मी तिकिटे काढली नाहीत. शिक्षकाला फोन करावा आणि त्याने “अभी नहीं, साहब” म्हणावे, असे तीन आठवडे चालले. जानेवारीच्या अगदी शेवटी हिम पडू लागले आणि असे पडले की रस्तेच बंद झाले. ते मोकळे होऊन आम्ही निघेपर्यंत फेब्रुवारीचा मध्य आला. ज्याला कमी खर्चात आणि कमी उंचीवर शिकायचे आहे त्याने तारीख निसर्गाला ठरवू द्यावी लागते. निवृत्त माणसाला हे परवडते. सूनबाईंना परीक्षेच्या तोंडावर परवडत नव्हते, पण त्यांनी मोठ्या मनाने आठ दिवस दिले.

सुरत ते दिल्ली, दिल्ली ते कालका आणि तेथून १९०३ मध्ये सुरू झालेली, शहाण्णव किलोमीटरची सिमल्याची छोटी गाडी. तिचे रूळ अडीच फुटी, म्हणजे नेमके आपल्या बिलीमोरा–वघई गाडीएवढे. माझे आजोबा गायकवाडी राज्यात, नवसारी प्रांतात, कारकून म्हणून आले. वघईची ती गाडी त्यांच्या गोष्टींतून आमच्या घरात कायमची शिरलेली आहे. त्यामुळे कालक्याला डब्यात पाऊल ठेवताच मला परके वाटले नाही. सिमल्यात दोन रात्री काढून, श्वास स्थिर झाल्यावर, आम्ही नारकंड्याला पोहोचलो.

तेथे त्या वेळी आम्हाला वर नेणारे कोणतेही यंत्र नव्हते. पट्ट्या खांद्यावर घेऊन चढायचे आणि घसरत खाली यायचे. वीस मिनिटांच्या चढणीला अर्ध्या मिनिटाची घसरण, असा हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाने नामंजूर केला असता. परंतु दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की नवशिक्याची खरी शाळा त्या चढणीतच भरते. आडवे उभे राहून, पट्टीची कड हिमात रुतवून एकेक पाऊल वर चढताना कडेचा उपयोग पायांना समजतो आणि पुढे घसरताना तीच कड माणसाला सावरते. पहिला सबंध दिवस बूट घालणे, कुशीवर पडणे आणि पडल्यावर उठणे यांतच गेला. पट्टीला बूट ज्या पकडीत अडकतो, ती पकड ठरावीक ताण आला की आपोआप सुटते. हा ताण माणसाचे वजन, वय आणि कौशल्य पाहून लावायचा असतो. शिक्षकाने माझे वय विचारले, किंचित हसून पेचकस फिरवला आणि माझी पकड नातीपेक्षा सैल केली. माझ्या गुडघ्यांची यापेक्षा नेमकी काळजी आजवर कोणी घेतली नसेल.

मग आला नांगर. पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून, आतल्या कडांवर भार द्यायचा, की वेग आवरतो. उजव्या पायावर अधिक भार दिला की माणूस डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. डोक्याला हे पटण्यास एक क्षण लागतो, पायांना पटण्यास तीन दिवस. नात सुरुवातीला प्रत्येक वेळी पडली की इकडेतिकडे पाही. शिकवणी, चाचणी आणि गुणपत्रिका यांत वाढलेली ही मुले. चूक झाली की कोणी तरी ती कोठे तरी लिहून ठेवणार, अशी त्यांची समजूतच असते. येथे लिहिणारे कोणी नव्हते. उतारावर आम्ही दोघे, शिक्षक, सिमल्याचे एक कुटुंब आणि एक कुत्रे, एवढीच वस्ती. तिसऱ्या दिवसापासून तिचे ते पाहणे थांबले. “आजोबा, आज मी अकरा वेळा पडले,” असे संध्याकाळी तिने मला आपण होऊन सांगितले तेव्हा माझ्या कागदावरच्या पाचव्या कसोटीचा दर मला कळला. पाचव्या दिवशी ती सबंध उतार वळणे घेत उतरली. मी मात्र अर्ध्यावरूनच सुरुवात करीत असे आणि सपाट जागेच्या भरवशावर थांबत असे. डॉक्टरांचा शेरा मी पाळला.

मुक्काम सफरचंदाच्या बागायतदाराच्या घरी होता. हा सारा कोटगढ-ठाणेदारचा पट्टा. सत्यानंद स्टोक्स यांनी शतकापूर्वी येथे अमेरिकन सफरचंदाची लागवड केली आणि या डोंगराचे नशीब पालटले. रात्री शेगडीपाशी बसून गृहस्थ सांगत होते की त्यांच्या जुन्या जातीच्या झाडाला हिवाळ्यात हजार-बाराशे तास गारठ्याची झोप हवी असते. ती अपुरी राहिली तर बहर विस्कटतो. पडलेले हिम सावकाश वितळून मुळांना ओल पुरवते ते वेगळेच. कोरड्या जानेवारीत हे घर आमच्याइतकेच, किंबहुना अधिक उत्कंठेने, आभाळाकडे डोळे लावून होते. आमची सहल त्या हिमावर अवलंबून होती, त्यांचे वर्ष अवलंबून होते. नात ते सारे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी उतारावर जाताना तिने वाट सोडून, बागेला वळसा घालून जाण्याचे ठरवले. बुंध्याभोवतीचे हिम तुडवले जाऊ नये म्हणून, असे तिनेच मला समजावले.

खर्चाचा ताळेबंद मी सवयीप्रमाणे मांडलाच. तिघांच्या गुलमर्ग सहलीसाठी कंपनीने जो आकडा दिला होता त्याच्या निम्म्याहून कमी रकमेत आम्हा दोघांचे आठ दिवस झाले, आणि त्यातला सर्वांत मोठा भाग शिक्षकाकडे गेला. काटकसर करायची ती खोलीत, गाडीत, कोटाच्या रंगात करावी. शिकवणाऱ्याच्या मानधनात करू नये. हातमोजे आणि गडद चष्मा यांतही नको, कारण ताजे हिम सूर्याची अतिनील किरणे ऐंशी टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकते. ज्यांच्या घरी अशीच मागणी आलेली असेल त्यांनी जागा निवडताना शिखर किती उंच हे विचारू नये. उताराच्या पायथ्याशी सपाटी किती, एवढे अवश्य विचारावे. नामांकित ठिकाणी सारे काही मिळते, पण नवशिक्याला लागणारा निवांत वेळ तेथे सर्वांत महाग असतो.

आता जानेवारी उजाडला की आमच्या अडाजणच्या घरातून नारकंड्याला फोन जातो. खिडकीत स्वेटर वाळत असतात, स्वयंपाकघरात पोंकाची पिशवी उघडलेली असते आणि नात विचारते, “काका, हिम पडा क्या?” हिंदीतही तिला आता ‘बर्फ’ म्हणवत नाही. पलीकडून उत्तर येईपर्यंत आम्ही दोघे गप्प असतो.