पाठीमागे आकाश

शिकारीच्या मुक्कामाला जाण्यापूर्वी आपल्या जिवाची जबाबदारी आपल्यावरच घेतल्याचे लिहून द्यावे लागते, हे आम्हांस वयाच्या सत्तरीत कळले. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या काबेसा प्रिएता या वाळवंटी वन्यजीव आश्रयस्थानात शिरताना आम्ही उभयतांनी तशा कागदावर सही केली. वरून लष्करी विमाने जातात, जमिनीत न फुटलेला दारूगोळा असू शकतो, जुन्या खाणी आहेत, पाणी नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "विम्याच्या कागदावर तरी इतके खरे कोण लिहितो?"

फिनिक्सला स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याला वाळवंटी बिगहॉर्न मेंढ्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागला होता. एकोणीस वर्षे तो अर्ज करीत होता. त्या राज्यात या जातीचा मेंढा एका माणसाला जन्मात एकच मारता येतो. आणि परवाना लागला की, शिकार साधो वा न साधो, सोडतीसाठी साठविलेले गुण जवळजवळ सारे संपतात. तळावर त्याला सोबत हवी होती. आम्हां बडोदेकरांना शिकार म्हणजे काळविटांमागे सोडलेल्या गायकवाड सरकारांच्या चित्त्यांच्या, आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी. पुढे १९७२ च्या कायद्यानंतर तर तो शब्दच गुन्ह्याचा झाला. पुतण्याने बंदूक हाती घ्यावी हे आमच्या मनास रुचले नव्हते. त्याला यश येऊ नये, अशीच इच्छा मनात धरून आम्ही गाडीत बसलो.

हा प्रदेश १९३९ मध्ये मुख्यतः याच मेंढ्यांसाठी राखला गेला. मेक्सिकोच्या सीमेला लागून ८,६०,०१० एकर. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भागास १९९० मध्ये कायद्याने निर्जन अरण्याचा दर्जा मिळाला. मोटार ठरलेल्या वाटेवरच. पुढे चाक म्हणून चालत नाही. मारलेले जनावर हातगाडीवरही आणता येत नाही, पाठीवरच वाहावे लागते. मांस वाया घालविणे हा गुन्हा. शिंगे कवटीसकट शिकार खात्याला दाखवावी लागतात, मग खाते शिंगात आपली खूण बसविते. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडता येत नाही. लाकडाची शेकोटी नाही, म्हणून आम्ही रात्री गॅसवरचा चहा पिऊन कुडकुडत होतो. प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या विणीसाठी मार्चच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत बराच भाग बंदच असतो. २००२ च्या अवर्षणात अमेरिकेच्या हद्दीत या सोनोरी जातीचे अवघे एकवीस उरले होते, हे कळल्यावर त्या बंदीबद्दल कोण तक्रार करील?

एक नियम मात्र आम्हांस जाचक वाटला. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तळ टाकता येत नाही. सौभाग्यवतींना तो तत्काळ उमगला. "गावच्या आडाशी कुणी खाट टाकून बसला, तर बायका पाण्याला येतील का?"

आमचे पाणी आम्हीच नेले होते. माणशी दिवसाला चार लिटर, शिवाय दोन दिवसांचे जादा. पुतण्या रोज संध्याकाळी कॅन मोजी. आम्हांस ते हास्यास्पद वाटले, तेव्हा त्याने इतकेच सांगितले की मे २००१ मध्ये याच वाळवंटात सीमा ओलांडून आलेली चौदा माणसे उन्हाने व तहानेने मेली. त्यानंतर आम्हीही मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी तळाजवळ फिरताना वाळूत गंजलेली, पंख असलेली एक लोखंडी नळी दिसली. आम्ही वाकलो.

"काका! हात लावू नका! आलात त्याच पावलांनी मागे या!"

आजवर तो आमच्याशी एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. रात्री तो क्षमा मागू लागला. आम्हीच त्याला थांबविले.

एकतीस तारीख हंगामाची अखेर. दुपारी तळावरून दुर्बिणीतून पाहिले, तो समोरच्या कड्याच्या माथ्यावर मेंढा उभा! वळलेली जड शिंगे, स्थिर मान. खाली दगडांच्या आड पुतण्या पालथा पडलेला. दहा मिनिटे गेली असतील. आणि येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ज्यांनी त्याला अपयश चिंतिले होते, तेच आम्ही मनात म्हणत होतो, आता मार, एकोणीस वर्षे झाली. सौभाग्यवतींच्या मुठी आवळलेल्या होत्या. मेंढा वळला आणि पलीकडे उतरला. बार झाला नाही.

अंधार पडता पडता तो तळावर आला. आधी बंदूक रिकामी केली, मग पाणी प्याला.

"पाठीमागे नुसते आकाश होते, काका. कड्यापलीकडे कोण आहे ते दिसत नव्हते."

"पलीकडे कोण असणार या रानात?"

"आपण नाही का इथे?"

परतताना बराच वेळ कुणी बोलले नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, पुन्हा अर्ज करता येतो का. जूनमध्ये, तो म्हणाला.

"म्हणजे गुण पुन्हा शून्यापासून?"

"अगदी शून्य नाही, काकू. सुरक्षेचे शिक्षण घेतल्याचा एक गुण राहतो."